आकाश बघणारा छोटा उपग्रह कॉलेजात बनवायचाय? मग उलट्या टोकाकडून सुरुवात करा

दरवर्षी नवीन बॅच आली की मला मेसेज सुरू होतात, ताई आम्ही सॅटेलाइट बनवतोय, मायक्रोकंट्रोलर कुठला घेऊ. एकालाही अजून असं विचारताना बघितलं नाही की ताई, आम्हाला अमुक ताऱ्याचा प्रकाश तीन महिने सलग मोजायचाय, जमेल का. खरी गोची इथेच आहे. मी कॉलेजच्या सॅटेलाइट टीममध्ये चार वर्षं होते, आधी ग्राउंड स्टेशन (जमिनीवरून उपग्रहाशी बोलायची यंत्रणा) आणि मग पेलोड (उपग्रहावरचं मुख्य उपकरण), आणि आमचा उपग्रह आजही लॅबच्या कपाटात बबल रॅपमध्ये बसलाय, त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं ठेच लागून शिकलेलं आहे आणि उरलेलं ज्यांचे उपग्रह खरंच वर गेले त्यांच्याकडे बघून. आम्ही आधी डबा बनवला आणि मग त्यात काय ठेवायचं ते शोधत बसलो. तुम्ही उलटं करा. शेवटी कागदावर जो आलेख यायला हवाय तो आज पेन्सिलने काढा, आणि तिथून मागे मागे येत उपग्रहापर्यंत पोचा.

प्रश्न कुठला घ्यायचा

आधी हे मान्य करून टाका की तुमची दुर्बीण लहान असणार. क्यूबसॅट म्हणजे ठरावीक मापाच्या ठोकळ्यांचा छोटा उपग्रह, त्याचं एक युनिट म्हणजे १० सेंटीमीटरचा ठोकळा, १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी विद्यार्थ्यांना झेपेल असं माप म्हणून हे काढलं. सहा युनिटं घेतली तरी आरसा फार तर ओंजळीएवढा. म्हणजे अंधुक दीर्घिकांचे सुंदर फोटो वगैरे विसरा, ते काम मोठ्यांचं. पण मोठ्या दुर्बिणींकडे एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे वेळ. हबलवर कोणी तुम्हाला एकाच ताऱ्याकडे सलग चार महिने बघत बसू देणार नाही. तुमचा उपग्रह तुमचाच आहे, बसा बघत.

ब्राइट नावाचं ऑस्ट्रिया, कॅनडा आणि पोलंडचं जे उपग्रहांचं कुटुंब आहे ते याच जोरावर उभं राहिलं. २० सेंटीमीटरचा ठोकळा, ७ किलो वजन, आणि दुर्बिणीचं भिंग फक्त ३ सेंटीमीटरचं, आपल्या बाजारातल्या साध्या बायनॉक्युलरचंही यापेक्षा मोठं असतं. पण प्रश्न काय निवडला बघा, नुसत्या डोळ्यांना दिसणारे ठळक तारे, जे मोठ्या दुर्बिणींना इतके झगझगीत पडतात की त्यांचे डिटेक्टर भरून वाहतात, त्यांचं तेज महिनोन्महिने मोजायचं आणि ताऱ्याच्या पोटातली कंपनं त्यावरून ओळखायची. यातले पहिले दोन, युनिब्राइट आणि ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठाचा टगसॅट-१, आपल्याच श्रीहरिकोट्याहून २५ फेब्रुवारी २०१३ ला पीएसएलव्ही-सी२० वर गेले, एक लाल फिल्टरवाला आणि एक निळा. टगसॅट तर दहा वर्षांहून जास्त चालला.

दुसरा प्रकार म्हणजे वातावरणामुळे जमिनीवरून दिसतच नाही असं काहीतरी, अतिनील, क्ष-किरण, गॅमा. आयोवा विद्यापीठाचा हॅलोसॅट हा माझा लाडका. आपल्या आकाशगंगेभोवती तप्त वायूचं जे आवरण आहे त्याचे मंद क्ष-किरण मोजायचे होते, आणि ते आवरण सगळ्या आकाशभर पसरलेलं, त्यामुळे त्यांना फोटो नकोच होता, एका वेळी १० अंश रुंद तुकड्यातून किती क्ष-किरण येतात एवढा आकडा पुरे. मोठी क्ष-किरण दुर्बीण एका वेळी आकाशाचा नखाएवढा तुकडा बघते, तिला अख्खं आकाश उरकायला जन्म जाईल. इथे लहान असण्याने काही अडलं नाही. आणि ग्रबअल्फाची गोष्ट तर मी प्रत्येक ज्युनियरला सांगते. हंगेरी, स्लोव्हाकिया आणि चेक मंडळींचा एक युनिटचा ठोकळा, मार्च २०२१ मध्ये वर गेलेला, काम एकच, गॅमा किरणांचे स्फोट टिपणं. ९ ऑक्टोबर २०२२ ला इतका प्रचंड स्फोट आला की मोठमोठ्या उपग्रहांचे डिटेक्टर आंधळे झाले, आणि याचा डिटेक्टर लहान म्हणून भरला नाही, त्यामुळे त्या स्फोटाचं शिखर किती उंच होतं ते याला मोजता आलं.

तर पहिलं काम, एक वाक्य लिहा ज्यात एक आकडा आणि एक एकक आहे. 'आम्ही ताऱ्यांचा अभ्यास करणार' हे वाक्य नाही. 'अमुक तेजापर्यंतच्या ताऱ्याचं तेज एका फेरीत हजारात एक भाग इतक्या अचूकतेने मोजणार' हे वाक्य आहे. ते घेऊन एखाद्या खऱ्या खगोलशास्त्रज्ञाकडे जा, पुण्या-मुंबईत असाल तर आयुका आणि टीआयएफआर या संशोधन संस्था तुमच्या दारात आहेत, आणि एवढंच विचारा की हा आकडा मिळाला तर तुम्ही वापराल का. समोरचा नुसताच 'छान आहे' म्हणाला तर वाक्य बदला. 'एरर बार किती', म्हणजे आकडा किती चुकू शकतो, असं विचारलं तर तुमचं जमलं.

एक सावधानी. प्रश्न एकाच तारखेवर अडकलेला घेऊ नका. पॅरिस वेधशाळेचा पिकसॅट बीटा पिक्टोरिस या एकाच ताऱ्यासमोरून ग्रहाचा परिसर जाताना बघायला निघाला होता, १२ जानेवारी २०१८ ला पीएसएलव्ही-सी४० वरून गेला, आणि २० मार्चला त्याचा आवाज बंद पडला. कल्पना अप्रतिम होती, पण असं झालं की दुसरी संधी नसते.

आता डेटाचा हिशोब, इथेच निम्मी डिझाइनं मरतात

समजा तुमचा कॅमेरा ११ मेगापिक्सेलचा आहे, ब्राइटचा होता तसा. एका पिक्सेलला दोन बाइट धरले तर एक फोटो २२ एमबी. तुमचा रेडिओ हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेल्या बँडवर ९६०० बिट प्रति सेकंदने बोलतो. ५०० किलोमीटरवरचा उपग्रह साडेचौऱ्याण्णव मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतो, दिवसाला १५ फेऱ्या, पण तुमच्या टेरेसवरून तो दिसणार दिवसाला चार-पाच वेळा, अशा प्रत्येक खेपेला पास म्हणतात, आणि त्यातले दोनच पास धड उंचावरून. चांगला पास म्हणजे १० मिनिटं. १० मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, गुणिले ९६००, म्हणजे ५७ लाख ६० हजार बिट, म्हणजे ७२० केबी. एका फोटोला ३० चांगले पास लागले! म्हणजे दोन आठवडे, तेही मधला एकही पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवला नाही तर, आणि हरवतातच.

हे आम्ही तिसऱ्या वर्षी मोजलं. पहिल्या आठवड्यात मोजायला हवं होतं, पाढे तर सगळ्यांनाच येत होते.

यावर इलाज तीन. एक, फोटो पाठवूच नका, उपग्रहावरच हव्या त्या ताऱ्यांभोवतीचे छोटे चौकोन कापा आणि तेवढेच खाली आणा, ब्राइटवाल्यांनी हेच केलं. दोन, असा प्रश्न घ्या ज्याचा डेटाच बारीक आहे, गॅमा डिटेक्टरला दर सेकंदाला किती ठोके पडले एवढी आकड्यांची ओळ लागते. तीन, एस-बँडचा वेगवान रेडिओ, पण मग डिश आली, फिरवणारी मोटर आली आणि खर्चाचा कागद एचओडींच्या टेबलावर जाऊन तिथेच मुरला. मी पहिल्या दोनवर जाईन. फक्त चौकोन कापणाऱ्या सॉफ्टवेअरला 'पूर्ण फोटो पाठव' असा एक कमांड ठेवाच, सुरुवातीला कॅमेरा नक्की कुठे बघतोय हे कळायला तो लागतोच, मग भले आठवडाभर तुकड्या-तुकड्याने येऊदे.

उपग्रह स्थिर कसा ठेवायचा

स्वयम् आठवतो का, पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या पोरांचा? २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वर गेला, जेमतेम एक किलो वजन, आणि त्याची दिशा धरायला त्यांनी नुसता चुंबक वापरला, होकायंत्राच्या सुईसारखा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहतो, वीज शून्य, बिघडायला काही नाही. संदेशवहनाला हे मस्त. पण दुर्बिणीला नाही चालत, कारण चुंबकक्षेत्राची दिशा फेरीभर बदलत राहते आणि तुमचा तारा तर एकाच जागी आहे.

दुर्बिणीला काय लागतं याचा हिशोब सोपा आहे. पिक्सेलचा आकार भागिले फोकल लेंग्थ, गुणिले २,०६,२६५, की एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद ते मिळतं. ९ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ७० मिलिमीटरची फोकल लेंग्थ घेतली तर साधारण २७ आर्कसेकंद. म्हणजे एक्स्पोजर चालू असताना उपग्रह याहून फार हलला तर तारा शेजारच्या पिक्सेलवर सांडणार, आणि प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता थोडी वेगळी असते त्यामुळे ताऱ्याचं तेज न बदलताही बदललेलं दिसणार. ब्राइटवाल्यांची यावरची युक्ती मला फार आवडते, त्यांनी फोकस मुद्दाम थोडा बिघडवला, ताऱ्याचा प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरवला, म्हणजे थोडंफार हललं तरी बेरीज तेवढीच. फोटो बघायला भिकार, आकडे काढायला सोन्यासारखा.

याच्या दुसऱ्या टोकाला अॅस्टेरिया, एमआयटीत सुरू झालेल्या कल्पनेतून नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने बनवलेला सहा युनिटांचा उपग्रह. त्यांनी उपग्रह चाकांनी धरला आणि वर उरलेली थरथर काढायला डिटेक्टरच एका पिझो पाटावर, म्हणजे वीज दिली की किंचित सरकणाऱ्या पाटावर, ठेवून हलवला, अर्ध्या आर्कसेकंदापर्यंत गेले आणि ५५ कॅन्क्री ई या आधीच माहीत असलेल्या ग्रहाचं संक्रमण, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणं, पकडून दाखवलं. हे वाचून हुरळून जाऊ नका, ते जेपीएल आहे.

विद्यार्थी टीमने काय करावं? रिअॅक्शन व्हील (उपग्रह वळवणारी फिरती चाकं) आणि स्टार ट्रॅकर (तारे बघून दिशा सांगणारा कॅमेरा) विकत घ्या, पैसे नसतील तर दिशा न लागणारा प्रश्न घ्या. मधला रस्ता म्हणून 'आम्ही स्वतः व्हील बनवू' असं दर टीममधलं कुणीतरी म्हणतंच, आमच्यातही म्हणालं, आणि त्याची डिग्री झाली तरी बेअरिंगचा आवाज गेला नव्हता. चुंबकीय कॉइल्स मात्र घरी गुंडाळा, ते जमतं. रॉकेटमधून सुटल्यावर गिरक्या खाणारा उपग्रह शांत करायला त्याच लागतात, आणि व्हील फिरून फिरून कमाल वेगाला पोचली की त्यांचा साठलेला वेग काढायलाही त्याच.

आणि सगळ्यात आधी, उपग्रहच का बनवायचाय ते एकदा स्वतःला विचारा. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर कक्षेत पोएम म्हणून ठेवतात आणि त्यावर लोकांची उपकरणं बसवतात. बंगळुरूच्या आयआयए या खगोलसंस्थेच्या मंडळींनी साध्या रास्पबेरी पायवर चालणारा स्टारबेरी-सेन्स नावाचा तारासंवेदक एप्रिल २०२३ मध्ये पीएसएलव्ही-सी५५ च्या पोएमवरून तपासून घेतला. वीज त्यांची, रेडिओ त्यांचा, तुमचं फक्त उपकरण. पहिल्या खेपेला मी डोळे झाकून हेच करेन, पण पोरांना 'आमचा सॅटेलाइट' म्हणायचं असतं, समजू शकते, आम्हालाही होतं.

वीज, उष्णता आणि डिटेक्टर

एका १० बाय १० च्या बाजूवर चांगले सोलर सेल दोन बसतात, मिळून ६० चौरस सेंटीमीटर. सूर्य तिथे चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट देतो, सेलची कार्यक्षमता २९ टक्के धरा, येतात साधारण २.४ वॅट, तेही सूर्य अगदी समोर असताना. फेरीतली पस्तीसेक मिनिटं अंधारात. म्हणजे एक युनिटचा उपग्रह जुन्या पाच वॅटच्या मोबाइल चार्जरच्या निम्म्या विजेवर संसार करतो. रेडिओ बोलताना कॅमेरा बंद, असे नियम इथूनच येतात. हॅलोसॅटने तर दिवसपाळी रात्रपाळीच लावली होती, उजेडात बॅटरी भरायची आणि पृथ्वीच्या सावलीत निरीक्षण करायचं, त्यात सूर्यामुळे होणारा गोंधळही टळला.

लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली की खराब होते, म्हणून तिला हीटर द्या आणि तो हीटर विजेच्या हिशोबात धरा, आम्ही विसरलो होतो. वर हवा नाही, म्हणजे टेबलावर गार राहणारा चिप तिथे भाजून निघेल, त्याची उष्णता स्क्रूमधून सांगाड्यात गेली पाहिजे. डिटेक्टर जितका गार तितका बरा, सीसीडीचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, अंधारातला प्रवाह दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो.

आणि किरणोत्सार. ब्राइटला हे भारी पडलं, वर गेल्यावर प्रोटॉनच्या माऱ्याने सीसीडीवर गरम पिक्सेलांची पुरळ उठायला लागली. त्यांनी उपाय उपग्रह वर असतानाच काढला, एका फोटोत तारा चौकोनाच्या डाव्या बाजूला, पुढच्या फोटोत उपग्रह किंचित वळवून उजव्या बाजूला, मग एकातून दुसरा वजा करायचा, गरम पिक्सेल दोन्हीत तिथेच असतात म्हणून कटतात आणि तारा उरतो. हे जमलं कारण चौकोन कुठे कापायचा आणि उपग्रह किती वळवायचा हे जमिनीवरून बदलता येत होतं. यातून शिकायचं ते हे, की सॉफ्टवेअरमधला कुठलाही आकडा, एक्स्पोजर, चौकोन, थ्रेशोल्ड, कोडमध्ये गाडून टाकू नका, सगळे कमांडने बदलता आले पाहिजेत. दक्षिण अटलांटिकवरून जाताना, जिथे किरणोत्सार जास्त असतो, गॅमा डिटेक्टर बंद ठेवायचा की नाही हेसुद्धा.

विकत काय, घरी काय

सोपं उत्तर: ज्यात तुमचं विज्ञान आहे ते घरी, बाकी विकत. हॅलोसॅटचा सांगाडा, वीज, दिशानियंत्रण सगळं ब्लू कॅनियन या कंपनीकडून आलं, डिटेक्टर अॅम्पटेककडून, आणि विद्यापीठाने उपकरण बांधलं आणि कॅलिब्रेट केलं. आपल्याकडे 'सगळं स्वदेशी, सगळं कॉलेजात' असं पोस्टरवर लिहायला आवडतं, पण घरी बनवलेल्या पॉवर बोर्डने दगा दिला तर तुमचा अप्रतिम डिटेक्टर नुसतं वजन. मात्र विकतच्या बोर्डाचं मॅन्युअल एका माणसाने अथपासून इतिपर्यंत वाचलेलं हवं.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे म्हणून थोडक्यात, पण हे डिझाइनच्या पहिल्या महिन्यात सुरू करायचं, शेवटच्या नाही. भारतात उपग्रहाला इन-स्पेस या सरकारी संस्थेची परवानगी लागते, वारंवारितेसाठी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची, आणि हौशी बँड हवा असेल तर आयएआरयू या हौशी रेडिओवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडून समन्वय. टीममधल्या दोघा-तिघांनी हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा लगेच देऊन टाका, परीक्षा अवघड नाही पण लायसन्स हातात पडायला वेळ लागतो. कक्षेतला कचरा हा मुद्दाही कोणीतरी विचारणारच, अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये काम संपल्यापासून पाच वर्षांत खाली या असा नियम केला, त्यामुळे कक्षा जितकी खालची तितके प्रश्न कमी. हॅलोसॅट अवकाश स्थानकावरून जुलै २०१८ मध्ये सोडला, जानेवारी २०२१ मध्ये आपोआप जळून गेला.

चाचण्या

सगळे बोर्ड डब्यात घालायच्या आधी टेबलावर पसरून तारांनी जोडा, याला फ्लॅटसॅट म्हणतात, आणि उपग्रह वर गेल्यावरही हा फ्लॅटसॅट मोडू नका. कमीत कमी दोन संच बनवा, एक मारझोड सहन करायला आणि एक उडायला. व्हायब्रेशन टेस्टला नेण्याआधी प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू ढिला न होऊ देणारा गोंद), प्रत्येक उंच पार्टला इपॉक्सीचा ठिपका, आणि टेस्टनंतर डबा कानाशी धरून हलवा, आत खुळखुळलं तर परत खोला. हसू नका, आमचा एक नट असाच सापडला.

निर्वात आणि तापमानाची चाचणी दुर्बिणीसाठी दुप्पट महत्त्वाची, कारण प्लास्टिक, गोंद, काळा रंग निर्वातात वाफ सोडतात आणि ती वाफ जाऊन नेमकी भिंगावर बसते. म्हणून एकूण वजनातली घट १ टक्क्याच्या आत आणि घट्ट होणारी वाफ ०.१ टक्क्याच्या आत असलेलंच सामान घ्यायचं, आणि जोडायच्या आधी निर्वातात भाजून काढायचं. फोकससुद्धा निर्वातात तपासा, हवा काढली आणि गार केलं की तो सरकतो.

अँटेना उघडणं हे सगळ्यात साधं दिसतं आणि सगळ्यात जास्त उपग्रह मुके करतं अशी माझी समजूत झालीय. मासेमारीच्या दोऱ्याने अँटेना बांधलेली असते आणि गरम तारेने दोरा जाळायचा, बस. पण टेबलावर २५ अंशांना जळणारा दोरा उणे वीसला निर्वातात जळतो का? बॅटरी अर्धी असताना? दोन तारा ठेवा, एक चुकली तर दुसरी, आणि थंडीत किमान वीस वेळा करून बघा.

सुटल्यानंतर लगेच काही करायचं नसतं, क्यूबसॅटच्या नियमात अँटेना वगैरे उघडायला ३० मिनिटं आणि रेडिओ बोलायला ४५ मिनिटं थांबावं लागतं. आता विचार करा, विसाव्या मिनिटाला बोर्ड रिसेट झाला तर तुमचं घड्याळ पुन्हा शून्यावर जातं का? आणि दर वीस मिनिटांनी रिसेट होत राहिला तर? किती मिनिटं झाली हा आकडा पुसला न जाणाऱ्या मेमरीत लिहा.

आणि शेवटी सगळं बंद डब्यात असताना, फक्त रेडिओवरून, दोन आठवडे उपग्रह चालवा. केबल लावायची नाही. खरे पास असतात तेवढ्याच वेळात बोलायचं. आमच्या पहिल्या अशा रंगीत तालमीत तिसऱ्या दिवशी मेमरी कार्ड भरलं आणि डबा गप्प झाला, फाइल पुसायचा कमांडच कोणी लिहिला नव्हता.

वर गेल्यावर

उपग्रह नसतानाच ग्राउंड स्टेशन चालवायला लागा. अवकाश स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधीमधी चित्रं येतात, इतर क्यूबसॅटचे बीकन, म्हणजे ते आपोआप पाठवत राहतात ते छोटे संदेश, रोज ऐकू येतात, ते पकडायचा सराव वर्षभर करा. सगळी घड्याळं यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत, ठेवा, साडेपाच तासांच्या गोंधळात आम्ही टेरेसवर पहाटे तीनला कुडकुडत बसलो होतो आणि तो पास रात्री साडेनऊलाच होऊन गेला होता. टेरेसवर यागी अँटेना लावली की पहिल्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी जातं, रबर टेप नीट गुंडाळा, आणि मोटरवर कबुतरं बसतात त्याला माझ्याकडे उपाय नाही. डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रह वेगाने जवळ येतो आणि मग लांब जातो म्हणून, ४३७ मेगाहर्ट्झवर सिग्नल पासच्या सुरुवातीला दहाएक किलोहर्ट्झ वर आणि शेवटी तेवढाच खाली सरकतो, सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आपोआप करतं पण त्याला कक्षेचे आकडे बरोबर लागतात.

आणि पहिल्या दिवसांत तेच नसतात. एका रॉकेटमधून ढीगभर उपग्रह सुटतात, पीएसएलव्ही-सी३७ ने फेब्रुवारी २०१७ मध्ये १०४ सोडले, रडारला नुसते ठिपके दिसतात, त्यातला तुमचा कुठला हे ठरायला दिवस जातात. यावर उपाय म्हणजे जगभरचे हॅम. बीकनचा फॉरमॅट आधीच जाहीर करा, सॅटनॉग्ससारख्या खुल्या जाळ्यात नोंद करा, म्हणजे तुम्ही झोपेत असताना कुठलेतरी काका स्वतःच्या गच्चीवरून तुमचा पहिला पॅकेट पकडतील आणि डॉप्लर बघून कुठला ठिपका तुमचा तेही सांगतील. पिकसॅटने हॅम मंडळींना असंच कामाला लावलं होतं.

दुर्बीण लगेच उघडायची घाई नको. आधी बॅटरी, तापमान, मग गिरक्या थांबल्या का, मग व्हील, मग स्टार ट्रॅकर, आणि सूर्य कुठे आहे हे उपग्रहाला पक्कं कळल्यावरच कॅमेरा. यात आठवडे जातात आणि वर प्रिन्सिपल सर रोज विचारतात फोटो आला का. फ्लॅटसॅटवर चालवून न बघितलेला एकही कमांड वर पाठवायचा नाही, हा नियम भिंतीवर लावा. आणि दोन माणसं असल्याशिवाय पाठवायचा नाही, एक टाइप करणार, एक वाचणार, रात्री तीनला एकट्याने पाठवलेल्या कमांडमध्ये शून्य जास्त पडतो. काहीच चालेना तर उपग्रहाने स्वतःहून सगळं बंद करून, सूर्याकडे पाठ-पोट करत, फक्त बीकन देत पडून राहायचं, आणि काही दिवस जमिनीवरून आवाज आला नाही तर स्वतःला रिसेट करायचं, हे दोन्ही पहिल्या दिवसापासून चालू हवं.

माणसं

डिग्री चार वर्षांची आणि उपग्रह सात-आठ वर्षांचा, खरी अडचण ही. स्वयम् ला सुमारे आठ वर्षं लागली. डब्लिनच्या यूसीडी विद्यापीठातल्या पोरांनी आयर्लंडचा पहिला उपग्रह, आयरसॅट-१, २०१७ ला हातात घेतला, तो गॅमा डिटेक्टर घेऊन वर गेला १ डिसेंबर २०२३ ला. म्हणजे सुरू करणारे आणि चालवणारे वेगळे असणार हे गृहीत धरा. आमच्याकडे पेलोडच्या अर्ध्या कोडमध्ये एकच कमेंट होती, 'हे दादाला विचारा'. दादा प्लेसमेंट होऊन हैदराबादला गेलेला, फोन उचलायचा पण त्यालाही आठवायचं नाही. म्हणून दर आठवड्याला जे ठरलं ते का ठरलं हे चार ओळीत लिहा, विशेषतः जे नाकारलं ते का नाकारलं, नाहीतर पुढची बॅच तीच चूक नव्या उत्साहाने करते. एखादा पीएचडीवाला किंवा पक्का नोकरीतला इंजिनियर टीममध्ये असेल तर त्याला चहा पाजत राहा. परीक्षेच्या काळात पास कोण घेणार याचा रोस्टर सेमिस्टरच्या सुरुवातीलाच करा, आणि त्यात फर्स्ट इयरच्या पोरांना बसवा, सबमिशन त्यांनाही असतं पण त्यांना अजून त्याची भीती बसलेली नसते.

डेटा यायला लागला की कच्चा डेटा जसाच्या तसा वेगळा ठेवा, त्याला हात लावायचा नाही, आणि त्याच्या शेजारी त्या दिवशीचं तापमान, कॅमेऱ्याची सेटिंग, कुठला कोड वर होता ते सगळं. कॅलिब्रेशनच्या फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल-२', 'खरंच-फायनल' अशी ठेवू नका, तारीख टाका. हॅलोसॅट जळून गेला पण त्याचा डेटा नासाच्या संग्रहात आहे, कुणीही आज उघडून त्यावर पेपर लिहू शकतं, मी स्वतः एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी उघडला होता आणि पहिल्याच संध्याकाळी मला त्यातून क्ष-किरणांच्या वर्णपटातली ऑक्सिजनची रेषा दिसली, कुणालाही मेल न करता. आमच्या कपाटातल्या डब्याच्या टेस्ट डेटामधून मला हे आजही जमत नाही, फाइलीचं नाव आहे 'न्यू फोल्डर ३'.